उपग्रहातली रेष आणि किल्लारीची भेग

मार्च २०२४ मध्ये हिंगोलीकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तेव्हापासून नारायणगड परिसरातल्या ग्रुपवर अधूनमधून उपग्रहाचा फोटो फिरतो. त्यावर लाल रेघा, खाली 'ही भेग तुमच्या तालुक्यातून जाते'. बरेच जण मला विचारतात, म्हणून लिहितोय.

उपग्रहाला रेष दिसते. सरळ धावणारा ओढा, काटकोनात वळलेली नदी, झाडांची ओळ. ती भेग असेल, नसेलही. खडक दोन्ही बाजूंनी सरकलाय का, हे जमिनीवर जाऊनच कळतं.

दख्खनचा दगड हलत नाही, हा समज ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेने मोडला. पण तिथं दोष धरणाच्या पाण्याला गेला आणि आपला मराठवाडा निर्धास्त राहिला. किल्लारीत १९९२ मध्येच हादरे जाणवत होते. तेव्हा आपला आयआरएस-१ए उपग्रह वर होता, पण त्याच्या चांगल्या कॅमेऱ्याचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३६ मीटर. अख्खा वाडा मावेल त्यात!

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३.५६. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. सुमारे १०,००० माणसं गेली. नंतर शास्त्रज्ञांना शेतात जमीन उचलल्याच्या खुणा सापडल्या, त्यांची उंची मीटरभरही नव्हती. फोटोत कुठून दिसणार? मग हैदराबादच्या एनजीआरआयने तिथं ६१७ मीटर बोअर घेतलं. काळा दगड ३३८ मीटरला संपला, खाली त्याहून कितीतरी जुना खडक. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने जुन्या भेगा अशा झाकून टाकल्यात.

रडारचं तंत्र मात्र वेगळं. दोन वेळच्या नोंदी ताडून सेंटीमीटरभर सरकलेली जमीनही त्याला कळते. कॅलिफोर्नियातल्या १९९२ च्या भूकंपाचं तसं चित्र १९९३ मध्येच छापून आलं होतं. जुलै २०२५ मध्ये इस्रो-नासाचा निसार गेला, तो दर १२ दिवसांनी तीच जमीन बघतो. पण हजारो वर्षं गप्प बसलेली भेग त्यालाही कशी दिसावी?

आणि किल्लारीत माणसं भेगेत पडून मेली नाहीत. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली मेली. तशी माळवदं आपल्या गावांत अजून आहेत, त्यात लेकरंबाळं झोपतात. पुढच्या ग्रामसभेत मी हा विषय घेणार आहे. येताना आपापल्या आळीतली अशी घरं मोजून या.