नक्कल म्हणावी तर कशाची?

एकोणिसाव्या शतकातली इंग्लंडमधली चर्चे म्हणजे मध्ययुगाची नक्कल, हे मत इतके रुळले आहे की टोकदार कमान दिसताच निकाल लागतो. पूर्वपक्ष अगदीच पोकळ नाही. एक्लेसिऑलॉजिकल सोसायटीने चर्चबांधणीचे दंडक घातले होते आणि 1300 च्या आसपासची गॉथिक शैली सर्वांत निर्दोष ठरवली होती. लंडनच्या मार्गारेट स्ट्रीटवरचे 'ऑल सेंट्स' तर याच सोसायटीच्या पुढाकाराने नमुना म्हणून बांधले गेले. मग नकलेचा उत्तम दाखला तेच असायला हवे.

पण तेच उलटी साक्ष देते. वास्तुकार विल्यम बटरफिल्ड. काम 1850 मध्ये सुरू झाले, 1859 मध्ये चर्च उपासनेसाठी खुले झाले. जागा कोंदट, तिन्ही बाजूंनी घरे. तेवढ्यात त्याने चर्च, धर्मगुरूंचे निवासस्थान आणि गायक मुलांची शाळा एका लहानशा चौकाभोवती बसवली आणि वर 227 फुटांचा मनोरा चढवला. खेड्यातल्या दफनभूमीत ऐसपैस पसरलेल्या मध्ययुगीन चर्चमध्ये ही मांडणी शोधून सापडायची नाही. पूर्वेला शेजारची इमारत खेटून असल्यामुळे वेदीमागे मोठी खिडकी काढता आली नाही. ती भिंत विल्यम डाइसच्या चित्रांनी भरली. उत्तरेच्या भिंतीचीही तीच अडचण. तिथे 1873 मध्ये रंगीत फरश्यांची चित्रे आली. इथे नियम घालून दिला तो जागेने, जुन्या नमुन्याने नव्हे.

विटांचे पाहा. 'खऱ्या' गॉथिकला दगडच हवा असे मानणाऱ्या काळात बटरफिल्डने लाल विटेत काळ्या विटांचे पट्टे घातले. रंग वरून फासलेला नाही, बांधकामातच आहे; कोळशाच्या धुराने माखणाऱ्या लंडनमध्ये हे शहाणपणच होते. डाइसची चित्रे मात्र लवकरच खराब झाली आणि 1909 मध्ये निनियन कॉम्परला ते काम नव्याने करावे लागले.

आक्षेपक म्हणतील, पट्टे इटलीचे, मनोऱ्याचे वळण उत्तर जर्मनीचे, म्हणजे उसनवारीच. असेल, पण दोन देशांतून उचलून तिसरीच वस्तू घडवणाऱ्याला नक्कल करणारा म्हणायचे, तर मूळ प्रत कुठली ते दाखवावे लागेल. ती कोणी दाखवलेली नाही. मला हे चर्च देखणे वाटत नाही, थोडे कर्कशच वाटते. पण कर्कशपणा हा नकलेचा पुरावा होत नाही. भित्र्या नकला सहसा गुळगुळीत असतात.