शेंदाडाची वंशावळ

भित्र्या माणसाला ‘शेंदाडशिपाई’ म्हणून आपण मोकळे होतो; पण ज्या शेंदाडाच्या नावाने हा उद्धार चालतो, त्याच्या कुळाची चौकशी कोणी करीत नाही. आमच्या लहानपणी घाटनांदुरास शेंदाड बांधाच्या कडेला आपोआप उगवे, वाळकाचे वेल बाजरीत असत, आणि खरबूज मात्र बाजारातून पैसे मोजून आणावे लागे. ही तिन्ही सख्खी भावंडे आहेत असे कोणी म्हटले असते, तर आमच्या आजीने त्याला वेड्यात काढले असते.

पंडितांचीही गत फारशी निराळी नव्हती. 1753 साली लिनियसने खरबुजाला ‘कुकुमिस मेलो’ हे नाव दिले. पुढे रॉक्सबर्गने आपल्याकडची फूट, म्हणजे पिकली की तडकणारी चिबडाची जात, निराळी ठरवली. फ्रान्समधल्या नोदँने मात्र देशोदेशीचे बी पेरून संकर करून पाहिले. संकराच्या फळांतही रुजणारे बी निघाले, तेव्हा 1859 साली त्याने साऱ्यांना एकाच जातीत घेऊन तिचे दहा गट पाडले.

पण हे गट रूपावरून पाडलेले, आणि रूप फसवे! वाळूक दिसते काकडीसारखे. तरी काकडीच्या पेशीत गुणसूत्रांच्या 7 जोड्या, तर वाळूक-खरबुजाच्या पेशीत 12. म्हणून अलीकडे शास्त्रज्ञ जनुकीय खुणा पाहतात. जनुकांच्या लिपीत काही ठिकाणी तीच दोन-तीन अक्षरे जपमाळेसारखी पुन्हा पुन्हा येतात. एका वाणात सात वेळा, तर दुसऱ्यात अकरा वेळा, असे समजा. हा आकडा पावसापाण्याने बदलत नाही. एक आईकडून येतो, एक बापाकडून. अशा पुष्कळ जागा ताडून पाहिल्या की कोण कोणाच्या किती जवळचा ते कळते. नाव एकच असलेली दोन गावांची चिबडे परकी निघू शकतात, आणि निराळ्या नावांची सख्खी.

2019 साली 1175 वाणांची संपूर्ण जनुकलिपी अशीच ताडून पाहिली गेली. निष्कर्ष असा, की माणसाने हे फळ तीनदा स्वतंत्रपणे माणसाळवले: एकदा आफ्रिकेत आणि दोनदा भारतात. काबूलचे खरबूज कापताना बाबराचे डोळे भरून आले होते. हिंदुस्थानात चांगली खरबुजे नाहीत ही त्याची तक्रार. बिचाऱ्याला हे कोण सांगणार!

गोडीत आपली रानफळे उणी असतील, अंगच्या काटकपणात नाहीत. 1920 नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात खरबुजांवर भुरी पडली आणि मळे बसले. तिला दाद न देणारे बी सापडले ते भारतातून गेलेल्या वाणात. त्याचा तिकडच्या गोड खरबुजाशी संकर करून 1936 साली ‘पी. एम. आर. 45’ हा वाण शेतकऱ्यांच्या हाती आला.

आमच्याकडे बांधावर हल्ली तणनाशक फवारतात. त्यात पहिला बळी जातो तो शेंदाडाच्या वेलाचा.