शकुंतला : कापसासाठी आली, माणसांची झाली

१/ पश्चिम विदर्भातील मूर्तिजापूर–यवतमाळ आणि मूर्तिजापूर–अचलपूर मार्गांवरील लहान स्थानके आज ओसाड आहेत. रूळ गवतात बुडाले, तिकीटखिडक्या कायमच्या मिटल्या. या स्थानकांचा इतिहास म्हणजे वऱ्हाडी कापसाचा इतिहास.

२/ १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे गेला. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१–६५) तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडकडे वळली. १८६७मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग नागपूरला पोहोचला. परंतु दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव ही कापसाची गावे त्या मार्गापासून दूर होती. तिथला माल बैलगाड्यांनीच येई.

३/ ही उणीव भरून काढण्यासाठी किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी ७६२ मिलिमीटर रुंदीचा चिमुकला मार्ग उभारला. यवतमाळकडे सुमारे ११३ आणि अचलपूरकडे ७६ किलोमीटर. रुळांची रुंदी निराळी असल्याने मूर्तिजापुरात माल उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे.

४/ १९५१मध्ये देशातील प्रमुख रेल्वे कंपन्या सरकारी व्यवस्थेत एकत्र आल्या, हा मार्ग मात्र खासगी मालकीचाच राहिला. गाडी भारतीय रेल्वेची, रूळ कंपनीचे! मोबदला कंपनीला मिळे. परक्या मालकीच्या रुळांची डागडुजी मागे पडत गेली आणि गाडीचा वेग मंदावत गेला.

५/ मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन १९२३पासून १५ एप्रिल १९९४पर्यंत या मार्गावर धावले. त्यानंतर डिझेल आले. कर्मचारी इतके थोडे, की तिकीट देण्याचे कामही गार्डलाच करावे लागे.

६/ एव्हाना कापूस ट्रकने जाऊ लागला होता. घाई असलेला प्रवासी एसटीने जाई. शकुंतलेत उरले ते बसचे भाडे न परवडणारे शेतमजूर आणि बाजाराला निघालेल्या बायाबापड्या. मालासाठी आलेली गाडी अखेरीस माणसांची झाली, ‘शकुंतला’ हे लाडके नावही तिने मिळवले. आणि नेमकी तेव्हाच ती हिशेबात तोट्याची ठरली.

७/ गेल्या दशकात दोन्ही मार्गांवरील फेऱ्या थांबल्या. ब्रॉडगेजची मागणी या गावांतून आजही होते. कापसाच्या गाठींसाठी शंभर वर्षांपूर्वी रूळ टाकले गेले. गावकऱ्यांसाठी ते टाकले जाणार का, हा प्रश्न त्या ओसाड फलाटांवर उभा आहे.