जागेवरचं फ्लॉरेन्स

प्रस्तावना

‘फ्लॉरेन्समध्ये आठ दिवस करायचं काय?’ हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. युरोपच्या सहलीत या शहराच्या वाट्याला बहुधा एक दुपार येते. घुमट खालून बघायचा, डेव्हिडच्या पुतळ्यासमोर फोटो काढायचा, चामड्याच्या दुकानात शिरायचं आणि अंधार पडायच्या आत रोमची वाट धरायची. मी स्वतः पहिल्या खेपेला तीन दिवस राहिलो होतो आणि तेवढ्यात नऊ संग्रहालयं उरकली होती. घरी परतल्यावर डोळे मिटले की एकीमागून एक मॅडोना दिसायच्या आणि सगळ्या सारख्याच वाटायच्या. ही पुस्तिका त्या फजितीतून जन्माला आली.

जाणकाराबरोबर आठ दिवस पायी हिंडून एकच शहर बघायचं ठरवलेल्या मंडळींसाठी ती लिहिली आहे. कलेतिहासाचं शिक्षण झालेलं नसलं तरी चालेल. तारखा पाठ नसल्या तरी चालेल. चालायची सवय मात्र हवी, कारण दगडी फरसबंदीवर दिवसभर वावरणं हीच या अभ्यासाची पहिली परीक्षा आहे.

पुस्तिकेतला मुख्य मुद्दा अगदी साधा आहे. फ्लॉरेन्समधली पंधराव्या शतकातली बहुतेक कामं संग्रहालयात मांडण्यासाठी झालेली नाहीत. कुणीतरी पैसे मोजून, ठराविक भिंतीसाठी, ठराविक उंचीवर, ठराविक माणसांनी बघावं म्हणून ती करून घेतली. म्हणून इथलं प्रत्येक प्रकरण कलावंताच्या नावापासून सुरू न होता जागेपासून सुरू होतं. हे कुणी करून घेतलं, कशासाठी, आणि बघणारा कुठे उभा होता, एवढंच आपण पुन्हा पुन्हा विचारणार आहोत.

पहिलं प्रकरण ओर्सान्मिकेलेचं आहे. ही इमारत धड चर्चसारखी दिसत नाही, कारण मुळात इथे धान्याचा बाजार भरायचा. चौदाव्या शतकात खालच्या मजल्याचं प्रार्थनास्थळ झालं, वर कोठार राहिलं. खांबांजवळ जाऊन नीट बघितलं तर वरून धान्य खाली सोडायची तोंडं आजही सापडतात. बाहेरच्या भिंतींत चौदा कोनाडे आहेत. ते शहरातल्या श्रेणींना, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांना, वाटून दिलेले होते आणि आपापल्या कोनाड्यात आपल्या संताचा पुतळा बसवणं ही प्रत्येक श्रेणीची जबाबदारी होती. श्रेणी रेंगाळल्या. शेवटी 1406 साली नगरशासनाने दहा वर्षांची मुदत घातली, आणि मग चढाओढ लागली. परदेशी कापडाचा व्यापार करणाऱ्या कालिमाला या श्रीमंत श्रेणीने गिबेर्तीकडून संत योहानाचा पुतळा थेट ब्राँझमध्ये ओतवून घेतला. ब्राँझ संगमरवरापेक्षा कितीतरी महाग, हे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक असावं अशीच कालिमालाची इच्छा होती.

लिननवाले आणि जुन्या कपड्यांचे व्यापारी यांची श्रेणी तेवढी ऐपतदार नव्हती. त्यांनी 1411 मध्ये संत मार्कचं काम दोनातेल्लोला दिलं, संगमरवरात. कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वाझारीने सांगितलेली हकिकत अशी : पुतळा जमिनीवर उभा असताना श्रेणीच्या मंडळींना तो पसंत पडेना. दोनातेल्लो म्हणाला, कोनाड्यात चढवू द्या, मग थोडी दुरुस्ती करतो. त्याने पुतळा वर चढवला, पंधरा दिवस झाकून ठेवला, छिन्नी लावलीच नाही, आणि पडदा काढला. सगळे खूश. वाझारीच्या हकिकती जपूनच वापराव्या लागतात, पण या गोष्टीची साक्ष पुतळाच देतो. धड जरा लांब आहे, पाय त्या मानाने आखूड. समोरासमोर हे खटकतं. रस्त्यावर उभं राहून मान वर केली की सगळं बेतशीर होतं. आणि संताच्या पायाखाली बघा : तिथे दगडी चौथरा नाही, दगडात कोरलेली उशी आहे. संताच्या वजनाने ती दबली आहे. कापडवाल्यांचा पुतळा!

इथेच एक अडचण उभी राहते आणि ती मी लपवणार नाही. आज कोनाड्यात आहे ती प्रतिकृती. मूळ पुतळा जतनासाठी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवला आहे, म्हणजे श्रेणीच्या मंडळींना जिथून तो आवडला नव्हता जवळपास त्याच कोनातून आपण तो बघतो. माझा सल्ला असा की आधी रस्त्यावरून प्रतिकृती बघा, मग वर जाऊन दगड बघा, आणि पुन्हा खाली या. तासभर जाईल. तो जाऊ द्यावा.

दुसरं प्रकरण सांता मारिया नोव्हेल्ला या चर्चच्या डाव्या भिंतीवरच्या एका चित्राला पूर्ण दिलं आहे. मासाच्चोने 1427 च्या सुमारास ‘त्रैक्य’ रंगवलं आणि पुढल्याच वर्षी, तिशीच्या आत, तो गेला. सपाट भिंतीत जणू एक खोल कमानी छताची खोली कोरली आहे असा भास होतो. सगळ्या रेषा क्रुसाच्या पायथ्यापाशी, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला, येऊन मिळतात. जवळून बघितलं तर छताच्या भागात ओल्या गिलाव्यावर ओरखडून मारलेल्या आखणीच्या रेषा दिसतात. यथादर्शनाचं गणित त्याने भिंतीवरच सोडवलं, त्याच्या या खुणा आहेत. सोळाव्या शतकात चर्चची डागडुजी करताना वाझारीने याच चित्रापुढे नवी वेदी उभारली आणि ते झाकून टाकलं. हाच वाझारी आपल्या ग्रंथात त्या चित्राची तोंडभरून स्तुती करतो! एकोणिसाव्या शतकात ते पुन्हा सापडलं, तेव्हा त्याचा वरचा भाग काढून दाराजवळच्या भिंतीवर नेला गेला. खालचा, मानवी सांगाडा रंगवलेला भाग मूळ जागीच दडून राहिला होता. दोन्ही भाग एकत्र आले ते 1952 साली. तेव्हा ‘जागेवर’ या शब्दावर माझा कितीही भर असला तरी जागासुद्धा हलतात, हे वाचकाने लक्षात ठेवावं.

कॅथेड्रलच्या घुमटाबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी त्याला मोजकीच पानं दिली. ब्रुनेलेस्कीने 1420 ते 1436 या काळात तो जमिनीपासून लाकडी आधाराचा सांगाडा न उभारता बांधला. दोन कवचं, मध्ये जिना, 463 पायऱ्या. चढताना धाप लागते, पण थांबायला निमित्तही मिळतं : जिन्यात कुठे कुठे विटांची माशाच्या काट्यासारखी रचना उघडी दिसते. आडव्या थरांत ठराविक अंतरावर एकेक वीट उभी घातलेली आहे. चुना ओला असताना कललेला थर घसरू नये म्हणून या उभ्या विटा त्याला धरून ठेवायच्या, आणि एक कडं पुरं झालं की ते स्वतःचा भार स्वतः पेलायचं. खाली उभं राहून घुमट बघणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

उफ्फीत्सी या चित्रसंग्रहालयाला मी एकच सकाळ ठेवली आहे. यावर काही जण नाराज होतील. माझं मत असं की चार दिवस चर्च आणि मठ हिंडून झाल्यावरच तिथे जावं, आणि दहाच चित्रं बघावीत. सान मार्कोच्या मठात फ्रा आंजेलिकोने एकेका भिक्षूच्या खोलीत एकेक चित्र काढलं आहे. एका माणसाने आयुष्यभर एकच चित्र बघावं ही कल्पना तिथे अनुभवलेली असली की दालनभर टांगलेल्या सोनेरी वेदीचित्रांकडे बघायची नजर बदलते. हा सगळा खजिना शहरात राहिला याचं श्रेय मात्र मेदिची घराण्यातल्या शेवटच्या स्त्रीला, आन्ना मारिया लुईझाला, द्यायला हवं. 1737 च्या करारात तिने घराण्याचा संग्रह फ्लॉरेन्सबाहेर हलवता येणार नाही अशी अट घालून ठेवली.

शब्दांविषयी थोडं. ‘गिल्ड’ला मी श्रेणी म्हटलं आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची ठेव ठेवली होती. शब्द आपल्याकडे आहे, अर्थही जवळचा आहे, मग उसना कशाला? ‘फ्रेस्को’ मात्र तसाच ठेवला. भित्तिचित्र म्हटलं की मराठी वाचकाला अजिंठा आठवतो, आणि अजिंठ्याची चित्रं सुकलेल्या पृष्ठभागावरची आहेत. इथला रंग ओल्या चुन्यात मुरतो, म्हणून एका दिवसात रंगवून होईल तेवढाच गिलावा चढवायचा. दोन दिवसांच्या कामांमधला सांधा ओळखायला शिकलात की भिंतीपुढे वेळ कसा गेला कळत नाही.

बरोबरच्या जाणकाराचं काम माहिती सांगणं एवढंच नाही, तुम्हाला थांबवणं हे आहे. तो गप्प राहिला तर गैरसमज करून घेऊ नका. खिशात सुट्टी नाणी ठेवा. बऱ्याच चर्चमध्ये चित्रावरचा दिवा पेटीत नाणं टाकल्यावर लागतो, आणि बघता बघता विझतो.

शेवटच्या दिवशी दुपार मोकळी आहे, ती एका स्मारकासाठी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतत असताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी याच शहरात वारले. तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते आणि फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं. पुढे तिथे छत्री उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्याने नंतर कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला त्याचा, आणि आतला अर्धपुतळा चार्ल्स फुलरचा. कॅसिने बागेच्या अगदी पश्चिम टोकाला ती आहे. झाडांखालून सरळ चालत राहायचं, तिकीट लागत नाही.