वासे वाकले, पण घर राहिले

“घर फिरले की घराचे वासेही फिरतात,” ही म्हण आपण बायकांनी सासरी-माहेरी कितीदा तरी ऐकली आहे. पण वासेच आधी फिरले, तर घराने काय करावे? ज्या भगिनी जुन्या वाड्यांतून वाढल्या, त्यांना आढ्याखालची वाकलेली तुळई आणि पावसाळ्याआधी तिला दिलेला टेकू आठवत असेल. अशाच एका वाकलेल्या छपराची, पण फार थोरल्या घराच्या, हकीकत या स्मरणिकेच्या निमित्ताने सांगावीशी वाटते.

हे घर म्हणजे लंडनचा वेस्टमिन्स्टर हॉल. इ. स. १०९७ मध्ये बांधलेला हा दिवाणखाना २४० फूट लांब व ६८ फूट रुंद आहे. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाने त्यावर नवे छप्पर घालण्याचे काम ह्यू हर्लंड नावाच्या सुताराकडे सोपविले. ६८ फूट लांबीचे ओक लाकूड मिळणे अशक्य! हर्लंडने भिंतींतून आत डोकावणाऱ्या आखूड तुळया बसविल्या, त्यांवर खांब उभे केले आणि कमानींनी ते सारे एकमेकांस जखडून टाकले. अशा तेरा कैच्यांवर सहाशे टनांहून अधिक लाकूड तोलले गेले. खाली मात्र एकही खांब नाही!

या छपराखाली १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्स राजाला देहान्ताची शिक्षा झाली. आपल्या इतिहासाशीही त्याचे नाते आहे. ज्याच्या कारकिर्दीत, १७८२ मध्ये, मराठ्यांशी सालबाईचा तह झाला, त्या वॉरन हेस्टिंग्जवरील खटला १७८८ मध्ये येथेच उभा राहिला आणि सात वर्षांनी तो निर्दोष सुटला.

अशा छपराला शत्रू मिळाला तो एक लहानसा भुंगा. याची अळी ओलसर लाकडात वर्षानुवर्षे राहून आतून पोखरीत जाते. वरून लाकूड धडधाकट दिसते. मोठा झालेला भुंगा जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोके आपटतो. आजाऱ्याच्या उशाशी जागरण करणाऱ्यांना रात्रीच्या शांततेत ती टकटक ऐकू येई, म्हणून लोकांनी त्याला ‘मृत्यूचा पहारेकरी’ असे नाव दिले.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सरकारी बांधकाम खात्याचे फ्रँक बेन्स यांनी छपराची बारकाईने तपासणी केली. मोठमोठी लाकडे आतून पोकळ झालेली, सांधे सैल पडलेले, कैच्या आकार सोडू लागलेल्या, असे त्यांना आढळले. कमानीचा सांधा सुटला की तिचे पाय बाहेर फाकतात, माथा खाली बसतो आणि भिंतींनाही रेटा बसतो.

सारे उतरवून नवे छप्पर घालता आले असते. पण मग हर्लंडच्या हातचे काय उरले असते? बेन्स यांनी वेगळा मार्ग धरला. वाकलेले जुने लाकूड बळाने सरळ करू गेल्यास ते तडकते. आधी त्याच्या डोक्यावरचे ओझे उतरवावे लागते. म्हणून लाकडांच्या आडोशाला पोलादी सांगाडा बसवून भार त्याच्यावर घेतला. सडलेला भाग काढून तेथे नवा ओक सांधला, चांगला भाग जागच्या जागी ठेवला. १९१४ मध्ये सुरू झालेले हे काम १९२३ मध्ये पुरे झाले. भुंग्यावरचे औषध शोधले ते प्रा. मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी. हे गृहस्थ पूर्वी बिहारमधील पुसा येथे हिंदुस्थान सरकारचे कीटकशास्त्रज्ञ होते. १९२५ मध्ये प्रयोगशाळेतील विषारी वायूनेच त्यांचा अंत झाला.

पुढे १० मे १९४१ च्या रात्री बॉम्ब पडले. शेजारचे लोकसभागृह आणि हे छप्पर, दोन्ही वाचविणे शक्य नव्हते. सभागृह जळू दिले, छप्पर वाचविले. सभागृह पुन्हा बांधता आले. हे छप्पर पुन्हा कोण घडविणार होते? सप्टेंबर २०२२ मध्ये एलिझाबेथ राणीच्या अंत्यदर्शनासाठी लाखो लोक याच छपराखालून गेले. वर पाहणाऱ्यांना हर्लंडचा ओक दिसला. भार वाहणारे पोलाद फारसे कुणाच्या लक्षातही आले नसेल.

आपल्या घरांना राजा नाही की सरकारी खाते नाही. पण दिवा आणि डोळे आहेत. पावसाळ्याआधी एकदा माळ्यावर जावे. वासा भिंतीत शिरतो तेथे ओल आहे का, खाली पिठासारखा भुसा पडला आहे का, हे पाहावे. गळती तेव्हाच थांबवावी, माळ्यावर वारा खेळता ठेवावा आणि तुळई वाकलेली दिसली तर जाणत्या सुताराला बोलवावे. तो येईपर्यंत तिच्यावरचे ओझे तरी उतरवावे. वाकलेले सगळेच टाकून द्यायचे नसते. पुष्कळदा त्याला वेळेवर दिलेला टेकूच पुरतो.