लोहाफेक्स

लोहाफेक्स : दक्षिण अटलांटिक महासागरात २००९ च्या जानेवारी ते मार्च या काळात भारत व जर्मनी यांनी संयुक्तपणे केलेला सागरी लोहपोषणाचा प्रयोग. ‘लोहा’ हा हिंदी शब्द आणि लोहपोषण-प्रयोगाच्या इंग्रजी नावाचा संक्षेप मिळून हे नाव बनले. गोव्यातील दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना १९६६) व ब्रेमरहाफेनची आल्फ्रेट व्हेगेनर संस्था यांनी तो पार पाडला. वाजिह नक्वी व व्हिक्टर स्मेटाचेक हे मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ होते.

गोव्यातील संस्थेचे कार्बनविषयक संशोधन या प्रयोगापूर्वीचे आहे. १९९० नंतरच्या दशकात तेथील शास्त्रज्ञांनी ‘सागर कन्या’ या जहाजावरून अरबी समुद्राची ऋतुवार पाहणी केली. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खोलवरचे कार्बनयुक्त पाणी वर येते व हा समुद्र हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषण्याऐवजी तो हवेत सोडतो, असे तीत दिसून आले. नक्वी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० मध्ये आणखी एक गोष्ट निदर्शनास आणली. पावसाळ्याच्या अखेरीस भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगत तळाकडील पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि तेथे नायट्रस ऑक्साइड हा वायू मोठ्या प्रमाणात निर्माण होतो. उष्णता रोखून धरण्यात हा वायू कार्बन डाय-ऑक्साइडच्या शेकडो पट प्रभावी आहे. लोहपोषणामुळे खोल पाण्यात असेच घडेल, हा पुढे या प्रयोगांवरील एक प्रमुख आक्षेप ठरला. म्हणजे ज्याचे भय दाखविले जात होते, त्याचे मापन करणारेच येथे प्रयोगकर्ते होते.

दक्षिण महासागरात नायट्रेट व फॉस्फेट विपुल असूनही वनस्पतिप्लवकांची वाढ खुंटते. तिचे कारण लोहाची उणीव होय, असे जॉन मार्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रतिपादिले. लोह पुरविल्यास प्लवक वाढतील, प्रकाशसंश्लेषणाने कार्बन घेतील आणि मेल्यावर तो घेऊन तळाकडे जातील, अशी ही कल्पना आहे. काही व्यापारी कंपन्यांनी तिच्या आधारे कार्बनच्या पतहक्कांच्या विक्रीचे बेत आखले, तेव्हा पर्यावरणवाद्यांचा संशय बळावला. तो निराधार नव्हता.

मे २००८ मध्ये बॉन येथे जैवविविधता कराराच्या सदस्य-राष्ट्रांनी किनारी पाण्यातील लहान शास्त्रीय प्रयोग वगळता लोहपोषण थांबविण्याचे आवाहन केले. ‘पोलारस्टर्न’ हे जहाज ७ जानेवारी २००९ रोजी केपटाउनहून निघताच ईटीसी ग्रुप व इतर संघटनांनी हा त्या ठरावाचा भंग असल्याचे जाहीर केले. जर्मन पर्यावरण मंत्रालयाने हरकत घेतली. संशोधन मंत्रालयाने प्रयोग स्थगित करून स्वतंत्र तज्ञांचे अभिप्राय मागविले. प्रयोगक्षेत्रातील प्लवकांत किनारी पाण्यातील जाती आहेत, असा शास्त्रज्ञांचा युक्तिवाद होता. तो ‘किनारी’ या शब्दाला जरा ताणणाराच म्हणावा लागेल. २६ जानेवारी रोजी परवानगी मिळाली.

सुमारे ४८° दक्षिण अक्षवृत्ताजवळील एका भोवऱ्यात सुमारे ३०० चौ. किमी. क्षेत्रावर फेरस सल्फेट सोडून ३९ दिवस निरीक्षणे घेण्यात आली. प्रारंभी वनस्पतिप्लवकांचे प्रमाण दुप्पट झाले. परंतु कोपेपॉड या लहान कवचधारी प्राण्यांनी ते खाऊन टाकले. या कोपेपॉडांना ॲम्फिपॉड नावाचे मोठे कवचधारी प्राणी खात होते. सिलिका कवच असलेल्या डायाटम वनस्पती भक्षकांना तुलनेने चांगल्या तोंड देतात. पण तेथील पाण्यातील सिलिकॉन आधीच संपले असल्याने त्या वाढल्या नाहीत. परिणामी खोल पाण्यात गेलेला अधिक कार्बन नगण्य होता.

हा निष्कर्ष सर्व दक्षिण महासागरास लावता येत नाही. सिलिकॉनयुक्त पाण्यात २००४ मध्ये झालेल्या जर्मन प्रयोगाचे फलित २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्यात डायाटमांच्या वाढीपैकी किमान निम्मा भाग १,००० मी. खाली गेल्याचे आढळले. लोह घालताच कार्बन बुडतो, हे व्यापारी गृहीतक मात्र लोहाफेक्सने खोटे ठरविले. २०१३ मध्ये लंडन प्रोटोकॉलच्या सदस्य-राष्ट्रांनी केवळ शास्त्रीय संशोधनासाठी व पूर्वपरवानगीनेच लोहपोषण करता यावे, अशी दुरुस्ती स्वीकारली.