फोन कोणाला करायचा?

इंटरनेटचा इतिहास लिहिताना यंत्रांना आणि प्रोटोकॉलना मान मिळतो, नावपत्त्यांच्या नोंदवहीला मिळत नाही. माझ्या मते हा अन्याय आहे, कारण ही वही त्या जाळ्याचा पाया आहे. 1970च्या दशकात इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटची ही नोंद कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट सांभाळत असे. तिथूनच 1982 साली ‘हूइज’ ही सेवा जाहीर झाली. अर्पानेटवरून संदेश पाठवू शकणाऱ्या प्रत्येकाने नाव, टपालाचा पत्ता आणि फोन नोंदवावा, अशी विनंती तेव्हा केली गेली.

1989 साली नेटवर्कांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा बीजीपी हा प्रोटोकॉल आला आणि ही वही अधिकच निकडीची झाली. अमुक इंटरनेट पत्ते माझ्यामार्फत गाठता येतात, असे एक नेटवर्क शेजाऱ्याला कळवते. शेजारी त्यावर विश्वास ठेवून पुढे कळवतो. त्यामुळे चूक एकाची, हाल दुसऱ्याचे, आणि दुरुस्ती तिसऱ्याच्या हाती, असा प्रसंग ओढवतो. 24 फेब्रुवारी 2008 रोजी नेमके हेच घडले. देशात यूट्यूब बंद करण्याच्या सरकारी आदेशावरून पाकिस्तान टेलिकॉमने यूट्यूबच्या पत्त्यांचा खोटा मार्ग जाहीर केला. तो देशातच राहायला हवा होता, पण हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या कंपनीने तो पुढे जगभर पोचवला. हा मार्ग यूट्यूबच्या स्वतःच्या मार्गापेक्षा अधिक नेमका असल्याने राउटरांनी त्यालाच पसंती दिली. यूट्यूबने त्याहूनही नेमके मार्ग जाहीर करून काही वाहतूक परत मिळवली. पण खोटा मार्ग मिटला तो दोन तासांनंतर, पीसीसीडब्ल्यूने तो मागे घेतल्यावर. म्हणजे गाठायला हवा होता तो हाँगकाँगमधला अभियंता. या शतकाच्या आरंभी उभारलेल्या आयएनओसी-डीबीए या फोनजाळ्यात नेटवर्कची ओळख असलेला एएस क्रमांक हाच फोन नंबर होता, तो याच गरजेतून. इतकी साधी आणि अचूक कल्पना या क्षेत्रात क्वचितच सापडते.

आता मार्गांची खातरजमा करणारी आरपीकेआय ही व्यवस्था आहे, यंत्रेच खोटा मार्ग ओळखतील, मग माणूस कशाला, असे कोणी म्हणेल. आरपीकेआयमुळे 2008 सारखी चूक बरीचशी अडते, हे खरे. पण त्यातून तपासला जातो तो मार्गाचा उगम. मधल्या शेजाऱ्याने खरा मार्ग भलत्याच दिशेला पुढे ढकलला, तर उगम बरोबरच दिसतो, आणि मग माणसालाच गाठावे लागते. दुसरा आक्षेप खासगीपणाचा, आणि तो रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर 1997 सालीच मिळाले होते: नोंद व्यक्तीची नको, कामाची हवी. ‘एनओसी’ (नेटवर्क ऑपरेशन्स सेंटर) या ठरलेल्या नावाची ईमेल टपालपेटी ठेवली की अभियंता बदलला तरी पत्ता टिकतो आणि कोणाचे खासगी आयुष्य उघडे पडत नाही. अट एकच, ती पेटी कोणीतरी वाचली पाहिजे.

भारतातल्या नेटवर्कांची अशी नोंद 2012 पासून आयआरआयएनएन या राष्ट्रीय इंटरनेट नोंदणी संस्थेकडे होते. ज्यांच्याकडे एएस क्रमांक आहे, त्यांनी आपल्या नोंदीतला फोन एकदा स्वतः लावून पाहावा.